कोंब फुटला की नाही?

(दृश्य: म्हापसा, पावसाळी सकाळ, सायकलवरचा पोदेर, म्हणजे पाववाला)

पोदेराचा भोंपू ऐकलात ना? टोपलीतले उंडे, म्हणजे गोल पाव, फुगलेत ते यीस्टमुळे. पूर्वी पिठात माडाची सूर, म्हणजे ताडी, घालायचे, आता बहुतेक ठिकाणी बाजारचं यीस्ट. आपण निघालोय त्याच्या एका दूरच्या आणि कमी सज्जन नातलगाकडे.

(दृश्य: लॅब, प्लेट)

हे पांढुरके मऊ ठिपके म्हणजे कँडिडा, यीस्टच्या रूपात वाढणारी बुरशी. लॅबमधल्या ताईंनी लूपच्या, म्हणजे तारेच्या कडीच्या टोकाने त्यातला अगदी किंचित भाग उचलला, माणसाच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, कालवला आणि ट्यूब ३७ अंशांवर ठेवली. दोन-तीन तास थांबायचं. ना महागडं यंत्र, ना किट. हवी ती फक्त सवड आणि तयार नजर.

(दृश्य: मायक्रोस्कोप)

आता पाहा. गोल पेशीतून सरळ कोंब निघालाय, बुडाशी कुठेच आवळलेला नाही. हा बहुतेक कँडिडा आल्बिकन्स, कँडिडाचा एक प्रकार. बहुतेक अशासाठी, की डब्लिनिएन्सिस हा त्याचा भाऊबंदही असाच कोंब काढतो.

कोंब फुटतो तसा पेशीचा पृष्ठभागही बदलतो. त्यावरचं आल्स-३ हे प्रथिन आपल्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरतं आणि आपली पेशी फसून बुरशीला स्वतःच आत ओढून घेते. दुसरं प्रथिन एचडब्ल्यूपी-१. आपल्याच पेशींचं ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्याला पेशीशी पक्कं जोडून टाकतं. दोरा त्याचा, सुई आपली!

(दृश्य: पेशीभित्तिकेचं ॲनिमेशन)

बुरशीच्या भित्तिकेत बाहेरून मॅनन, त्याखाली बीटा-ग्लुकन, दोन्ही साखरेच्या लांब साखळ्या. आपल्या पांढऱ्या पेशींवरचं डेक्टिन-१ हे प्रथिन ओळखतं ते नेमकं या ग्लुकनला, आणि तेच झाकलेलं! नवी पेशी सुटून गेल्यावर जो व्रण उरतो, तिथे ते जरा उघडं पडतं.

एरवी ही बुरशी कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात गुपचूप असते. प्रतिकारशक्ती खचली किंवा शिरेत नळी असली की रक्तात उतरते, आणि जिवावर बेतू शकतं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वांत गंभीर गटात घातलं.

(दृश्य: दुसरी ट्यूब)

इथे तीन तास झाले तरी कोंब नाही. पेशी बारीक. कँडिडाचाच दुसरा प्रकार, ग्लाब्राटा, असू शकतो. तो चिकटतो एपा नावाच्या प्रथिनांनी, आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही. ताई रिपोर्टवर नुसतं 'यीस्ट' लिहून मोकळ्या होत नाहीत. प्लेट पुढच्या चाचणीला जाते.