फोनला लावायचा थर्मल कॅमेरा: कधी बघायचं ते आधी ठरवा

नाशिकला इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचं हे लिखित रूप. बोलण्याची पद्धत तशीच ठेवलीय, थोडी काटछाट केलीय.

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणाची निराशा नको. हा कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही. कपड्याच्या आतलं तर नाहीच नाही, मागे पोरं हसतायत त्यांच्यासाठी सांगितलं. तो समोरच्या वस्तूच्या फक्त वरच्या थराचं तापमान वाचतो आणि त्याला रंग देतो, बस. आत पाइप फुटलाय की वायर तापलीय हे त्याला माहीत नसतं, त्या आतल्या भानगडीमुळे वरचा थर एखाद-दोन अंशांनी गरम-गार झाला असेल तरच ते दिसणार. म्हणून माझं आजचं सगळं बोलणं कॅमेऱ्यापेक्षा वेळेबद्दल जास्त आहे. तीच भिंत दुपारी दोनला बघितली तर काही नाही आणि रात्री आठला बघितली तर सगळं उघडं पडतं, असं होतं.

थोडं तंत्र सांगते, कंटाळू नका. १८०० मध्ये विल्यम हर्शेलनं प्रिझममधून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे थर्मामीटर ठेवला तर पारा वर गेला. ते इन्फ्रारेड. आपल्या घरातल्या सगळ्या वस्तू, आपण स्वतः, सतत हे किरण बाहेर टाकत असतो आणि हा कॅमेरा त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यातले पकडतो. आतला सेन्सर म्हणजे बारीक बारीक ठिपके, प्रत्येक ठिपका किरण पडले की किंचित तापतो आणि त्याचा विजेचा रोध बदलतो. लेन्स साध्या काचेची नसते, बहुधा जर्मेनियमची असते, कारण साधी काच या किरणांना भिंतीसारखी अडवते. ही बघा, या खिडकीवर धरते. बाहेरचं झाड दिसतंय का? नाही. मी दिसतेय, भुतासारखी. त्यामुळे खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधलं कोणी दिसेल वगैरे विसरा.

आता हा स्टीलचा तांब्या, काकूंनी आत्ताच गरम पाणी ओतून दिलाय, हात लावाल तर चटका बसेल. कॅमेरा म्हणतोय ३४ अंश. आणि याच तांब्याला मी ही काळी इन्सुलेशन टेप चिकटवलीय दोन इंच, तिच्यावर धरला की ६८. पाणी तेच, तांब्या तोच. चकचकीत धातू स्वतःची उष्णता किरणांनी फारशी बाहेर टाकत नाही, उलट समोरच्याचे किरण परत फेकतो, म्हणजे ते ३४ बरचसं या खोलीचं आणि माझ्या तोंडाचं आहे. रंग दिलेली भिंत, प्लॅस्टिक, लाकूड, टेप, माणसाची कातडी यांचे आकडे बऱ्यापैकी खरे येतात. स्टील, ॲल्युमिनियम, क्रोमचे नळ यांच्यावरचा आकडा सोडून द्या. फार गरज असेल तर टेपचा तुकडा लावा, पाच मिनिटं थांबा, मग बघा. आणि हो, विजेच्या उघड्या पट्ट्यांना टेप लावायला जाऊ नका, नाहीतर मला येऊन तुमच्या घरच्यांना तोंड दाखवायची पंचाईत.

आता डीबीकडे येऊ, म्हणजे ज्यात एमसीबी, लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच, असतात ती पेटी. माझं निम्मं आयुष्य अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचे विजेचे पॅनेल बघण्यात गेलं त्यामुळे इथे मी जरा जास्त वेळ घेणार. लोक काय करतात, कॅमेरा आला की दुपारी बारा वाजता डीबीसमोर उभं राहतात, सगळं निळं-हिरवं दिसतं, छान आहे म्हणून बंद करतात. अहो पण त्या वेळी घरात चालू काय होतं, एक फ्रिज आणि दोन पंखे! लूज कनेक्शन तापतं ते करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे करंट निम्मा झाला तर उष्णता पावपट होते. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर घेतो. तेव्हा आधी गिझर लावा, एसी लावा, इस्त्री लावा, वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या आणि मग बघा. स्टोरेज गिझर पाणी तापलं की आपोआप बंद होतो, म्हणून नळ थोडा चालू ठेवायचा, हे विसरतात लोक.

बघायचं कसं, तर एकटा आकडा वाचायचा नाही, शेजाऱ्याशी तुलना करायची. एमसीबी थोडा गरम असतोच, आत बायमेटलची पट्टी असते, ती तापण्यासाठीच ठेवलीय. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की बंद पडणारा स्विच, तोही कोमट लागतो. पण सारख्या लोडचे दोन एमसीबी शेजारी आहेत आणि एक ३८, दुसरा ५५, तर तिथे गडबड आहे. आमच्या धंद्यात सारख्या दोन जागांमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त फरक आला की तो गंभीर धरतात, वाट बघत नाहीत. तुम्ही तर प्लॅस्टिकच्या कव्हरवरून बघताय, आतला स्क्रू त्याहून जास्त गरम असणार, तेव्हा सात-आठ अंशांचा फरक आला तरी वायरमनला बोलवा. कव्हर तुम्ही उघडायचं नाही. आत मेन बंद केला तरी येणारी वायर जिवंतच असते.

अजून एक खूण सांगते, ही फार उपयोगाची, वायरमननं कव्हर उघडलं की बघायची. वायर एका टोकाला, स्क्रूपाशी, सगळ्यात गरम आणि पुढे पुढे गार होत गेली, तर तो स्क्रू ढिला आहे किंवा तोंड करपलंय. आणि अख्खी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच गरम, तर जोड ठीक आहे, वायर लोडला कमी पडतेय. पहिल्याला पेचकस लागतो, दुसऱ्याला नवीन जाडीची वायर. जुन्या बिल्डिंगांमध्ये ॲल्युमिनियमची वायर असते, ती स्क्रूखाली दबत दबत सैल होते आणि वर ऑक्साइडचा थर धरते, तिथे हे हमखास सापडतं. गिझरचं १६ अँपिअरचं सॉकेट पण बघा, टॉप म्हणजे प्लग काढल्या काढल्या त्याच्या पिना बघा, तीनपैकी एकच पिन गरम असेल तर सॉकेटची ती पाकळी सैल झालीय. पिन पितळेची चकचकीत असते हे लक्षात आहे ना, म्हणून पिनेच्या बुडाशी जे प्लॅस्टिक आहे त्यावर बघा.

एक काका विचारतायत, ग्रुपवर कोणीतरी डीबीचा लालभडक फोटो टाकला आणि चार दिवस सगळ्यांची झोप उडाली. बरं झालं काढलंत. मंडळी, लाल म्हणजे आग नाही! ॲप काय करतं, चित्रात जे सगळ्यात गार त्याला निळा आणि सगळ्यात गरम त्याला लाल-पांढरा देतं, मग त्या दोघांत फरक दोनच अंशांचा का असेना. कोऱ्या भिंतीचा फोटो काढा, तिच्यातही लाल डाग सापडेल. सेटिंगमध्ये तापमानाची पट्टी लॉक करायची सोय असते, ती २० ते ६० वगैरे लावून ठेवा. आणि ग्रुपवर फोटो टाकायचाच असेल तर आकड्यांसकट टाका, नुसते रंग टाकू नका.

आता ओल. तुमच्यापैकी निम्मे लोक त्यासाठीच आलेत, माहितीये मला. ओली जागा गार दिसते कारण पाणी उडताना भिंतीतली उष्णता घेऊन जातं, माठ गार राहतो तसंच. आता विचार करा, जुलै-ऑगस्टमध्ये हवाच पाण्यानं भरलेली असते, भिंतीतलं पाणी उडणार कुठे? म्हणून ऐन पावसाळ्यात, जेव्हा छतातून थेंब पडतायत तेव्हाही, कॅमेरा कधीकधी काहीच दाखवत नाही आणि लोक म्हणतात पैसे वाया गेले. थांबा जरा. पाऊस गेला, ऑक्टोबरची ती कोरडी हीट सुरू झाली की बघा, पंखा फुल करून अर्धा तास ठेवा, ओलीचा डाग दोन-तीन अंशांनी गार होऊन अख्खा नकाशा काढून देतो, डोळ्याला पोपडा एवढासा दिसत असतो आणि खरी ओल त्याच्या चौपट पसरलेली.

पण प्रत्येक गार डाग म्हणजे ओल नव्हे. विटांच्या भिंतीत काँक्रीटचा कॉलम वेगळा दिसतो. पलीकडच्या खोलीत एसी चालू असेल तर अख्खी भिंत गार. आत गार पाण्याची लाइन असेल तरी कधीकधी पट्टा दिसतो. म्हणून डाग दिसला की पेन्सिलनं खूण करा, हात लावा, दोन पिनांचा मॉइश्चर मीटर मिळतो तो टोचून बघा. मीटर हो म्हणाला तरच वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन. त्यातले काही आता स्वतःच कॅमेरा घेऊन येतात आणि निळा डाग दाखवून लगेच कोटेशन हातात ठेवतात, त्यांना शांतपणे विचारा की मीटर आणलाय का.

गच्चीवर मात्र उलटं असतं, इथे लोक गोंधळतात. दिवसभर ऊन पडलं, कोब्याच्या खाली जिथे पाणी साचलंय तो भाग उष्णता साठवून ठेवतो, कोरडा भाग सूर्य मावळला की भराभर निवतो. म्हणजे सूर्यास्तानंतर तास-दीड तासानं गच्चीवर गेलात तर ओली जागा गरम दिसणार. खाली छताला तीच ओल गार आणि वर गरम. दिवस कडक उन्हाचा हवा आणि गच्ची वरून कोरडी हवी. वारा फार असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

गच्चीचा विषय निघालाय तर वरच्या मजल्यावरच्यांसाठी: एप्रिलमध्ये रात्री नऊला हॉलच्या छताकडे धरून बघा, भिंतीपेक्षा छत पाच-सहा अंश गरम सापडेल. स्लॅब दुपारचं ऊन रात्री खाली सोडतो, पंखा तीच गरम हवा फिरवतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती हेच काम इतक्या सावकाश करतात की ऊन आत पोचेपर्यंत दिवस मावळलेला असतो. गच्चीला पांढरा रंग मारायचा विचार असेल तर आधी एकाच खोलीवरचा भाग रंगवा, मग रात्री खालून दोन खोल्यांची छतं शेजारी शेजारी बघा, रंगाच्या कंपनीचं ब्रोशर वाचायची गरज नाही.

ड्रिल मारण्याआधी बाथरूममध्ये गरम पाणी दोन मिनिटं सोडायचं, टाइल्सवर पाइपची रेष उमटते, तिचा फोटो काढून ठेवायचा. गार पाण्याची लाइन अशी सहज दिसत नाही, तेव्हा नुसत्या त्यावर विसंबू नका. फ्रिजच्या दाराच्या रबरावर एका जागी गार पट्टा दिसला तर रबर तिथे सुटलंय. गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी कुठपर्यंत आहे ते सकाळचं ऊन पडल्यावर बाहेरूनच रेषेसारखं दिसतं, वर चढायला नको. हे सगळं सोपं आहे.

सोलर वॉटर हीटरला जरा डोकं लागतं. काचेच्या नळ्यांमध्ये निर्वात पोकळी असते, ती गेली की नळीची बाहेरची काच दुपारी बाकीच्यांपेक्षा गरम दिसते, खालच्या टोकाचा चंदेरी डागही पांढरा पडलेला असतो, दोन्ही जुळलं की नळी बदला. तिरकं बघू नका, काचेत आभाळाचं प्रतिबिंब येतं आणि निरभ्र आभाळ या कॅमेऱ्याला शून्याच्याही खाली दिसतं. टाकीचं इन्सुलेशन बघायचं तर जानेवारीत पहाटे, निफाडकडून ती बोचरी हवा येते ना तेव्हा. रंगवलेल्या पत्र्यावर जिथे गरम डाग, तिथून तुमचं रात्रभरचं पाणी निवतंय. ज्यांच्याकडे वीज बनवणारे सोलर पॅनेल आहेत त्यांनी उन्हात बघा, कबुतराच्या शिटेखालचा सेल बाकीच्यांपेक्षा चांगलाच तापलेला असतो.

तिकडून प्रश्न आलाय, बिबट्या दिसेल का. नाशिकमध्ये हा प्रश्न येणारच! दिसेल, उबदार प्राणी आहे, पण हिशेब करू. माझा सेन्सर २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा आहे आणि आडवा साधारण ५५ अंश बघतो. ५० मीटरवर त्याच्या चित्राची रुंदी ५२ मीटर होते, म्हणजे एक ठिपका २० सेंटीमीटरचा. बिबट्या म्हणजे सहा-सात ठिपके, गाढव पण तेवढेच. आणि साप? तो आजूबाजूच्या जमिनीएवढाच गार-गरम असतो, बहुतेक दिसणार नाही, अडगळीत टॉर्चच न्या.

हाच हिशेब डीबीला लावा. एक मीटरवरून एक ठिपका ४ मिलिमीटरचा, स्क्रू ५ मिलिमीटरचा, म्हणजे आकडा स्क्रूचा नाही, आजूबाजूच्या सगळ्याची सरासरी. नीट आकडा हवा तर त्या जागेवर निदान तीन गुणिले तीन ठिपके बसले पाहिजेत, म्हणून हातभर अंतरावर या. घेताना पण हेच बघा. ८० गुणिले ६० वाला म्हणजे ४८०० ठिपके, १६० गुणिले १२० म्हणजे १९,२००, आणि २५६ वाला ४९,१५२. ॲप साध्या कॅमेऱ्याच्या रेषा वर टाकून चित्र चकाचक करतं, त्याला भुलू नका, खोक्यावर थर्मल सेन्सरचा आकडा शोधा. आयफोनचा आणि अँड्रॉइडचा कनेक्टर बघून घ्या, काही फोनमध्ये ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय, आधी चालू करावी लागते. लावल्यावर पाच मिनिटं जाऊ द्या, मधूनमधून टक् असा आवाज येतो तो बिघाड नाही, कॅमेरा स्वतःला जुळवून घेतोय. आणि अचूकता दोन अंश इकडे-तिकडे असते, त्यामुळे नातवाला ताप आहे का हे यानं बघू नका, काखेतला थर्मामीटर वापरा.

खरं तर प्रत्येक घरी एक असायची काही गरज नाही. सोसायटीनं एक घ्यावा, गच्चीच्या चाव्या जिथे ठेवता तिथे ठेवावा, वहीत नोंद करून न्यावा. आणि वायरमन काम करून गेला की तोच लोड लावून, तेवढाच वेळ थांबून, त्याच जागेचा फोटो पुन्हा काढा, मगच पैसे द्या. आता ज्यांना हातात घेऊन बघायचाय त्यांनी पुढे या, फोनचं जाड कव्हर काढून या, नाहीतर तो बसतच नाही.