गोळी लागली होती काय?

नमस्कार. मागं उन्हात बसलेत त्यांनी जरा पुढं सरका, जागा आहे की.

आज ज्याच्या आठवणीसाठी जमलोय, त्या आपल्या जवानाचं नाव मी माईकवरनं घेणार नाही. त्याच्या आईनंच मघाशी सांगितलं, सर, स्पीकरवर नाव आलं की त्याचे आप्पा उठून मळ्याकडं चालायला लागतात. बॅनरवर नाव आहे, बास झालं तेवढं.

मी त्याला आठवी ते दहावी गणित शिकवलं, म्हणजे शिकवायला बघितलं, कारण पोराचं सगळं ध्यान पळण्यात. पहाटे पाचला खानापूर रोडला हा आणि ह्याच्याबरोबरची चार पोरं, १६०० मीटर ५ मिनिटं ३० सेकंदात मारलं की ६० मार्क, बीमला लटकून १० पुलअप काढले की ४०, हा फौजेच्या भरतीचा हिशोब त्याला झोपेतनं उठवून विचारला तरी पाठ, आणि माझं चक्रवाढ व्याज मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. दुसऱ्या भरतीत झाला. बेळगावात मराठा सेंटरला, म्हणजे मराठा रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला, कसम परेड होती, ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतात ती, तेव्हा आम्ही टेम्पो करून गेलेलो, त्या रांगेत आपला कुठला तेच कळेना, सगळ्यांची डोकी सारखी भादरलेली. आई म्हणाली, तो बघा, डावा कान जरा पुढं आलेला.

तो गेला गाडी दरीत पडून. वर पहाडात, पोस्टवर सामान घेऊन जाताना. सांबऱ्याच्या विमानतळावर विमान आलं, तिथनं गावापर्यंत रस्त्याच्या कडेला मराठी शाळेची पोरं, कन्नड शाळेची पोरं, एरवी बोर्ड मराठी का कन्नड ह्यावरनं भांडणारी माणसंसुद्धा शेजारी शेजारी उभी. फैरी झाल्या, बिगुल वाजलं, तिरंग्याची घडी आईच्या हातात दिली. आणि तेराव्याला, जेवणाच्या पंगतीत हो, एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, गोळी लागली होती काय? का ॲक्सिडेंटच?"

तो "च" माझ्या कानातनं अजून गेला नाही.

मी काही मिलिटरीतला माणूस नव्हे, पण नंतर माजी सैनिकांकडं बसून समजून घेतलं. फौजेच्या कागदात बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत नाहीतर मोहिमेत गेलेला किंवा जखमी झालेला, आणि फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे इतर कारणानं, असे दोन रकाने असतात आणि पेन्शन, मदत त्याच्यावर ठरते, ते ठीक आहे, सरकारला हिशोब लागतो. पण "शहीद" हा शब्द त्या कागदात कुठंच नाही! तो आपण लावतो, मग कुणाला लावायचा ते मोजत पण आपणच बसायचं काय?

आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातला, कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचा जवान हणमंतप्पा कोप्पद आठवा. ३ फेब्रुवारी २०१६, सियाचिन, साडेएकोणीस हजार फुटांवर बर्फाचा कडा कोसळून १० जण गाडले गेले, हा सहा दिवसांनी जिवंत सापडला आणि ११ तारखेला दिल्लीत गेला. तेव्हा आपल्या गल्लीगल्लीत पोरांनी मेणबत्त्या लावलेल्या. तिथं कुठं गोळी सुटली होती? सियाचिनमध्ये १९८४ पासून थंडीनं आणि बर्फानंच जास्त पोरं नेली, शत्रूनं कमी.

आता पेटीचं सांगतो. दीड महिन्यानं युनिटकडनं त्याची काळी ट्रंक आली, वर पांढऱ्या पेंटनं नंबर. बरोबर सामानाची यादी, हिंदीत, कुणीतरी फार नीट लिहिलेली: चप्पल जोडी एक, शेव्हिंगचं सामान, टॉवेल दोन, असं करत करत खाली "स्टील का डब्बा, एक, खाली नहीं", म्हणजे रिकामा नाही. डब्यावर त्याच्या आजीचं नाव कोरलेलं. आत शेंगदाण्याची चटणी, अर्धी शिल्लक. सुट्टीवरनं जाताना आईनं दिलेली, आणि फोनवर रोज तिला सांगायचा, "आई, जेवूलालोय बघ, चटणी संपत आली." संपत नव्हती आली. पुरवून पुरवून खात होता.

कट्ट्यावर त्याच्या आठवणीचा दगड बसवायचं परवा ठरलं. कोरणाऱ्यानं विचारलं मराठी का कन्नड, आप्पा म्हणाले दोन्ही, मित्र दोन्हीकडचे होते त्याचे. काय लिहायचं त्यावर मात्र कमिटीत दोन तास गेले. मी म्हटलं, "ड्युटीवर असताना" एवढंच लिहा. काहींना ते कमी वाटतंय, ठीक आहे, दगड अजून कोरायचा आहे, चहा घेत घेत भांडूया.

आप्पा कुठं गेले बघा रे कुणीतरी.