खड्डा पडायच्या आधीच कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी! जुलै आला की खड्ड्यांच्या बातम्या सुरू होतात आणि सगळं खापर पावसावर फुटतं. पण खड्डा कुठे पडणार, हे बरंचसं आधी सांगता येतं.

(स्क्रीनवर: नुकत्याच सुकलेल्या रस्त्याचा क्लोजअप)

वळवाची सर येऊन गेली की डांबरी रस्ता झरझर सुकतो. भेगा मात्र ओल्या, काळ्या राहतात. जरा वाकून बघा. बारीक भेगा एकमेकींना मिळून मगरीच्या पाठीसारखी जाळी झालीय? भेगेच्या तोंडाशी पांढरट गाळ आलाय? मग चाकांच्या दाबाने खालच्या थरातली माती पाण्याबरोबर वर येतेय. आत पोकळी तयार होतेय. खड्डा इथेच पडणार.

किती लवकर, ते ठरतं वजनावर. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत, इलिनॉयमधल्या ओटावाजवळ, खास रस्ते बांधून त्यांवर लष्कराच्या जवानांनी ट्रक पळवले. त्यातून कळलं, की डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचं, म्हणजे अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान साधारण 16 पट होतं! कारच्या एका अ‍ॅक्सलवर टनभरही वजन नसतं. भरलेल्या ट्रकच्या अ‍ॅक्सलवर 10 टन धरलं, तर नुकसानातला फरक 10 हजार पटींच्या वर जातो. त्यामुळे नुसत्या गाड्या मोजून भागत नाही. डंपर, टँकर, बस वेगळ्या मोजाव्या लागतात. तुमच्या गल्लीत टॉवरचं बांधकाम सुरू झालं, की जुना अंदाज रद्द समजा.

रस्त्यावर ठरावीक वजन आदळून तो किती दबतो, हे मोजणारं यंत्रही असतं. त्यावरून आतल्या थरांची ताकद कळते.

शहरात मात्र हे सगळं गणित बिघडवते खोदाई. पाण्याची लाइन, गॅस, केबल! चर थराथराने दाबून भरला नाही तर तो खचतो, आणि जुन्या-नव्या डांबराच्या सांध्यातून पाणी आत शिरतं. प्रत्येक चराची नोंद त्या रस्त्याच्या रेकॉर्डला असायलाच हवी, असं मला अगदी कळकळीने वाटतं. ती नसेल तर कितीही भारी सॉफ्टवेअर आणा, अंदाज चुकणारच.

भेगा कोरड्या असतानाच भरायच्या असतात. म्हणून वॉर्ड ऑफिसला कळवायला खड्ड्याची वाट बघू नका. भेगेचा फोटो, जवळच्या दुकानाची खूण आणि चर असेल तर तो कधी बुजवला, एवढं मे महिन्यातच पाठवा.