बिस्किटांच्या डब्यातलं रान

नमस्कार, श्रोतेहो.

बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा तुमच्या घरात असेलच. बिस्किटं कधीच संपलेली असतात आणि आत सुई-दोरा, बटणं, जुन्या किल्ल्या ठेवलेल्या असतात. अशाच एका डब्याबद्दल आज बोलायचं आहे. हा डबा मी अमेरिकेत पाहिला, साउथ कॅरोलायना राज्यात, एका कृष्णवर्णीय आजींच्या स्वयंपाकघरात. त्यांचं रान त्या डब्यानं राखलं.

मी चौतीस वर्षं वनखात्यात काढली, बहुतेक सगळी चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे. मुलगी तिकडे कोलंबिया शहरात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही तिच्याकडे गेलो. तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला कळलं की हिचे वडील जंगलातले आहेत. ती म्हणाली, "माझ्या आजीला घेऊन जाते यांच्याकडे. नको, यांनाच आजीकडे नेते. तिची झाडं बघू दे." रविवारी आम्ही निघालो.

आजींचं वय अठ्ठ्याहत्तर. घर लाकडी, पुढे ओसरी आणि मागे साठेक एकर पाइनचं रान. हे रान त्यांच्या आजोबांनी तुकड्या-तुकड्यानं घेतलं होतं. ते राळ काढायचे. पाइनच्या बुंध्याला तिरके घाव घालायचे, खाली भांडं लावायचं, पाझरलेली राळ गोळा करायची, हा त्यांचा धंदा. दुसऱ्याच्या झाडांची राळ काढून त्यांनी स्वतःची झाडं घेतली. पण मृत्युपत्र केलं नाही. त्या काळात कोर्टाच्या पायऱ्या त्यांच्यासारख्या माणसाला आपल्या वाटत नव्हत्या, आणि तसं न वाटण्याला पुरेसं कारण होतं.

आजोबा गेले, मुलं गेली. नातवंडं-पतवंडं फिलाडेल्फिया, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशी पांगली. आजी गावात राहिल्या. जमीन मात्र कागदावर आजोबांच्याच नावे. श्रोतेहो, हे तुम्हाला मी समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे, वारस नोंद राहिली आहे, चुलते पुण्यात आणि आत्या सुरतेला, अशी घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. तिकडे अशा जमिनीला 'हेअर्स प्रॉपर्टी' म्हणतात, म्हणजे वारसांची सामाईक जमीन. आजींच्या जमिनीला एक्केचाळीस वारस होते.

आता आजींचा प्रसंग. एके दिवशी अंगणात एक पिकअप गाडी येऊन थांबली. उतरलेल्या माणसानं रस्त्यावर उभं राहूनच रान पाहिलं. आत पाऊल टाकलं नाही, एका झाडाला हात लावला नाही. म्हणाला, "उक्ती रक्कम देतो, शुक्रवारपर्यंत सही करा." आजींनी विचारलं, "कोणती झाडं?" तो म्हणाला, "सगळी."

आजी मला म्हणाल्या, "जो माणूस झाड न मोजता भाव सांगतो, त्यानं माझं रान पाहिलेलंच नसतं." त्यांनी जाळीचं दार लावून घेतलं.

हे ऐकताना मला आपलेच दिवस आठवत होते. आपल्याकडे खासगी शेतातल्या सागाच्या तोडीला खात्यात 'मालकी प्रकरण' म्हणतात. आदिवासी खातेदाराच्या बांधावरचा साग व्यापारी परस्पर उक्ता घ्यायचे, आणि किती घनमीटर माल निघाला हे मालकाला कळायचंही नाही. अशा सौद्यांना आळा बसावा म्हणून महाराष्ट्राला १९६९ साली आदिवासी खातेदारांच्या झाडविक्रीसाठी वेगळा कायदा करावा लागला. माझं अगदी ठाम मत आहे की शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना झाडाचा घेर मोजायला शिकवलं पाहिजे. छातीच्या उंचीवर टेप कसा धरायचा, आकडा कसा लिहायचा, याला एक तास पुरतो. आपण मुलांकडून रोपं लावून घेतो, त्यांचे फोटो काढतो. उभं झाड किती मोलाचं आहे हे मात्र त्यांना सांगत नाही. असो. आजींकडे परत येतो.

तो माणूस गेला, पण आजींची झोप उडाली. तो आज त्यांच्याकडे आला, उद्या एखाद्या वारसाकडे जाईल. खरी भीती ती होती. सामाईक जमिनीतला एखाद्या दूरच्या नातेवाइकाचा हिस्सा बाहेरचा माणूस विकत घेतो, मग कोर्टात जाऊन वाटणी मागतो. एवढ्या हिश्शांची वाटणी होणार कशी? मग कोर्ट सगळ्या जमिनीचा लिलाव लावतं आणि ती पडत्या भावात जाते. एकानं विकलं आणि सगळ्यांचं गेलं, असं तिकडे हजारो कुटुंबांच्या बाबतीत घडलं आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडे दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन होती. पुढच्या शंभर वर्षांत तिच्यातली सुमारे ९० टक्के हातची गेली. कर्जाच्या अडवणुकीनं गेली, दहशतीनं गेली आणि अशा लिलावांतही गेली.

मग मदत कुठे होती? सरकारी योजना होत्या. रोपांना पैसे, विरळणीला, म्हणजे दाटीतली झाडं काढायला, पैसे, फॉरेस्टरचा सल्ला फुकट. पण त्यासाठी कृषी खात्याचा 'फार्म नंबर' लागतो, आणि नंबरासाठी तेव्हा मालकीचा कागद लागायचा. नाव नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर मदत नाही. पुन्हा सांगतो, कारण सगळी गाठ इथेच आहे: नाव नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर मदत नाही. कर आजी भरत होत्या, राखण आजी करत होत्या, आणि त्या खात्याच्या लेखी मालक म्हणून आजी कुठेच नव्हत्या.

एका रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर मागच्या खोलीत दोन माणसं टेबल मांडून बसली होती. एक वकील बाई आणि एक फॉरेस्टर. दोघं एका संस्थेकडून आली होती, आणि दोघं एकत्र आली होती, याला फार महत्त्व आहे. नुसता वकील आला असता तर लोकांना वाटलं असतं, आता जमीन जाणार. नुसता फॉरेस्टर आला असता तर त्याचा सल्ला कागदाशी येऊन अडला असता. शिवाय ते ऑफिसात बोलावत बसले नाहीत, लोक जिथे विश्वासानं जमतात तिथे आले.

वकील बाईंनी विचारलं, "जमीन तुमच्या घराण्याची आहे याचा काही पुरावा आहे का?" आजी काही न बोलता घरी गेल्या आणि तो डबा घेऊन आल्या.

तो डबा त्यांनी मलाही उघडून दाखवला. आत कराच्या पावत्या होत्या. आजोबांच्या हातच्या, आईच्या हातच्या, आजींच्या हातच्या. वर्षवार लावलेल्या, दर दहा वर्षांच्या गठ्ठ्याला दोऱ्याची गाठ. सर्वांत जुनी १९३८ सालची, कडा पिवळ्या पडलेल्या, शाई मात्र स्वच्छ. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. मी सरकारी माणूस, आयुष्यभर पावत्या फाडल्या. पावती इतकी जपलेली मी पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी श्रोत्यांपासून लपवत नाही. आणि एक विनंती करतो, शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या रद्दीत घालू नका. सगळं आता मोबाईलवर दिसतं हे खरं आहे, तरीही घालू नका.

त्या पावत्यांवरून वंशावळ उभी राहिली. तपकिरी कागदावर काढली तर स्वयंपाकघराच्या भिंतीभर झाली. एक्केचाळीस वारसांना फोन, पत्रं, सह्या यात तीन वर्षं गेली. सगळ्यांनी मिळून एक कौटुंबिक कंपनी केली आणि जमीन तिच्या नावावर आली. मग फार्म नंबर मिळाला. मग फॉरेस्टर आजींना घेऊन रानात गेला आणि त्यांच्याच हातात टेप दिला. काढायच्या झाडांवर निळ्या रंगाचा पट्टा मारला, यादी केली, चार-पाच व्यापाऱ्यांकडून बंद पाकिटात भाव मागवले. कागद साफ नसला की चांगला व्यापारी फिरकतच नाही, तोवर येतो तो पडत्या भावात मागणारा. यावेळी चांगले आले. रानाच्या एका तुकड्यावरची निवडक झाडं विकली गेली, आणि पिकअपवाल्यानं सगळ्या रानासाठी सांगितलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे हातात आले. आकडा मी सांगत नाही, तो त्यांच्या घरचा आहे.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून बाकीचं भराभर सांगतो. अशी टेबलं मांडणाऱ्यांत चार्ल्सटन शहरातलं 'सेंटर फॉर हेअर्स प्रॉपर्टी' हे एक मोठं नाव. २००५ साली ते सुरू झालं, आणि २०१३ च्या सुमारास वनखातं, मृदसंधारणाचं सरकारी खातं आणि जंगलांसाठी काम करणारी एक राष्ट्रीय निधी-संस्था यांच्याशी त्याची जोड झाली. कृष्णवर्णीयांची जमीन राखायची आणि तिच्यावरचं जंगल कमाईचं करायचं, असा हा कार्यक्रम. सुरुवात साउथ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामा या तीन राज्यांत झाली. नॉर्थ कॅरोलायनात हे काम एका वीज सहकारी संस्थेनं घेतलं. ज्यांच्याकडे दर महिन्याचं बिल भरायला जातो त्यांच्यावर माणसाचा विश्वास लवकर बसतो. अलाबामात १९६७ पासूनची 'फेडरेशन ऑफ सदर्न कोऑपरेटिव्ह्ज' पुढे आली. लिलावाचा कायदाही बदलला. साउथ कॅरोलायनात २०१६ साली नवा कायदा झाला. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये आदल्या वर्षी ज्यांची हत्या झाली, त्या पाद्री आणि सिनेटर क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव त्याला दिलं आहे. आता विक्रीची मागणी करणाऱ्याचा हिस्सा कोर्टानं ठरवलेल्या रास्त किमतीला विकत घेण्याची पहिली संधी इतर वारसांना मिळते. आणि २०१८ च्या कृषी कायद्यानं फार्म नंबरासाठी दुसरे पुरावेही चालतील, असं ठरवलं.

दारी जाऊन मदत करण्याची ही रीत तिकडे जुनीच आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी घरांना परकं नाही. त्यांच्या टस्कीगी संस्थेतून १९०६ साली एक गाडी निघाली, जेसप वॅगन. अवजारं आणि बियाणं घेऊन ती गाडी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या बांधावर जायची. चर्चच्या मागच्या खोलीतलं ते टेबल मला त्याच गाडीच्या वाटेवरचं वाटतं.

आता शेवटचं. आजींना सरकारी मदतीतून लाँगलीफ पाइनची रोपं मिळाली आहेत. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत एकेकाळी या झाडाखाली नऊ कोटी एकर जमीन होती. घटत घटत ती तीस लाख एकरांच्या आसपास आली. हे झाड आगीवर वाढतं. पहिली काही वर्षं ते गवताच्या झुबक्यासारखं जमिनीलगत असतं, ठरवून लावलेली आग वरून जाते, आसपासची झुडपं जळतात आणि मधला कोंब सुयांच्या वेष्टणात सुरक्षित राहतो. वणवा पुढे सरकू नये म्हणून मी आयुष्यभर जाळरेषा काढल्या, वणवे विझवले. तिथे एक बाई काठीनं राख उकरून मला हिरवा कोंब दाखवत होती. मी खाली बसून तो कोंब कितीतरी वेळ पाहत राहिलो.

निघताना आजी मला रानाच्या कडेला एका जुन्या झाडापाशी घेऊन गेल्या. बुंध्यावर तिरक्या घावांचे वण होते, सालीनं कडेनं भरून आलेले. आजोबांच्या हातचे. म्हणाल्या, "याच्यावर निळा पट्टा कधी लागणार नाही. पण घेर मोजा. तुम्ही लांबून आलात, तुम्ही मोजा." माझा टेप खिशात होताच, सवयीनं सोबत नेलेला. एका बाजूला सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला इंच. छातीच्या उंचीवर त्यांनी एक टोक धरलं, मी वळसा घालून आलो. त्र्याहत्तर इंच.

आजींनी त्या वर्षीच्या पावतीच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं, ७३. खाली तारीख घातली. घरी येऊन पावती डब्यात ठेवली आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून लावलं.

नमस्कार.