ओठ फाटू नयेत म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

१९६२ साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं सूपच्या डब्यांची ३२ चित्रं लावली. डबा तोच, चव तेवढी वेगळी. किराणा दुकानात असतात तशी फळीवर ओळीनं. एकेकाची किंमत १०० डॉलर. काही विकलीही गेली. मग गॅलरीवाले अर्व्हिंग ब्लम यांच्या मनात आलं, ही चित्रं एकमेकांपासून फुटायला नकोत. गेलेली त्यांनी परत मिळवली आणि वॉरहॉलला हप्त्याहप्त्यानं १,००० डॉलर देऊन सगळा संच घेतला. १९९६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाकडे गेला, तेव्हा आकडा होता दीड कोटी डॉलरच्या आसपास.

पॉप आर्टच्या, म्हणजे असल्या रोजच्या वस्तू नि जाहिरातींवरून केलेल्या चित्रांच्या, एका लिलावासाठी चार पुस्तकांचा संच करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा डोक्यात हेच होतं. चित्रं, चित्रकार, छपाईचं तंत्र, आणि चौथ्यात कुठलं चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं त्याची नोंद. बोली लावणारा हे चौथं आधी उघडतो, हे सांगायला नकोच. पण मग बाकीची तीन कुणी जपायची?

बाबूराव पेंटरांच्या गावात, कोल्हापुरात, पोस्टर लांबून बघायची सवय. मी उलटं केलं, भिंग घेतलं. छापील रंग म्हणजे नुसते ठिपके. पॉप आर्टवाल्या लिक्टेनस्टाइननं तेच मोठे करून रंगवले. मी ते पुस्तकांच्या पाठींवर आणले, लालभडक. चारही क्रमानं उभी केली की ठिपक्यांतून ओठ दिसायचे. एक काढलं की तोंड फाटलं!

डमी, म्हणजे नमुन्याचा संच, झकास झाली. पुढं ऐनवेळी कागद बदलला, जरासा जाड. एका पुस्तकात शंभर पानं, म्हणजे दोनशे पृष्ठं. पानामागं दोन शतांश मिलिमीटर वाढलं तरी पाठ दोन मिलिमीटरनं फुगते. त्यात आमचा जुलै, कागद ओल धरणारच. संच ठेवायचे खोके मात्र जुन्या मापाचे. बाइंडर म्हणाला, "साहेब, आत जात्यात, पण भाईर येईनात."

खोके नव्यानं केले, तोंडाशी बोट घालायला अर्धगोल खाच ठेवून. तो खर्च माझाच.

खोक्यातून ओढताना फाटलेलं दोन नंबरचं पुस्तक बाइंडरनं ठेवून घेतलं. त्याच्या दुकानात बिलबुकांच्या मधे उभं आहे. वरचा अर्धा ओठ, बस्स.