आपल्यातलीच एक सांगते तेव्हा

अमेरिकेतलं आर्कन्सॉ राज्य. चर्चमधली प्रार्थना आटोपली, तरी बायका बाकांवर बसूनच आहेत. समोर त्यांच्यातलीच एक कृष्णवर्णीय बाई उभी राहते. मला स्तनाचा कर्करोग झाला होता, ती सांगते, आणि मी त्यातून उठले.

'विटनेस' म्हणजे साक्ष. 'विटनेस प्रोजेक्ट' हा उपक्रम 1990च्या दशकाच्या सुरुवातीला इथेच आकाराला आला. देवानं आपल्याला कसं तारलं, हे चारचौघांत उभं राहून सांगायची या चर्चमध्ये जुनी रीत. स्तनांच्या तपासणीचं बोलणं त्याच रीतीत बसवलं गेलं.

पत्रकं काय, आधीही वाटली जात होती. पण 'कर्करोग म्हणजे मरणच, मग तपासून करायचं काय?' किंवा 'ऑपरेशनमध्ये हवा लागली की तो पसरतो' असं मनात घट्ट बसलेलं असेल, तर पत्रक कोण उघडून बघणार? आणि डॉक्टरांची धास्तीही उगाच नव्हती. अलाबामातल्या टस्कीगीत 1932 ते 1972 अशी 40 वर्षं सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी डॉक्टर नुसती नजर ठेवून होते. त्यावरचं औषध पेनिसिलिन आलं, तेही त्यांना दिलं नाही. हे ऐकत वाढलेल्या बाईला अडाणी ठरवणारा स्वतःच अडाणी.

आता स्तनाचं मऊ मॉडेल हातोहात फिरतंय. बोटांच्या पेरांनी दाबत गेलं की आत काहीतरी टणक लागतं. गाठ अशी लागते तर! अर्थात हातानं चाचपणं पुरेसं नाही. चाळिशीपासून 74 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करावा, असं आज तिथले तज्ज्ञ सांगतात.

अमेरिकेत स्तनाचा कर्करोग कृष्णवर्णीय स्त्रियांना गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो. त्यानं मरण्याचं प्रमाण मात्र सुमारे 40 टक्क्यांनी जास्त. उशिरा निदान हे त्याचं एक कारण. गाठीचा प्रकार, विमा नसणं, रखडलेले उपचार ही बाकीची. ती कुणाच्या साक्षीनं सुटत नाहीत.

पैशांचंच बघा. 1990च्या कायद्यानं गरीब, विमा नसलेल्या स्त्रियांच्या तपासणीची सोय झाली. उपचारांचा खर्च मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेतून करायची मुभा राज्यांना मिळाली ती 2000 साली. मधल्या काळात गाठ निघालेल्या बाईसाठी डॉक्टर आणि पैसा शोधत फिरायचं काम तपासणी करणाऱ्यांवरच येऊन पडलं.