मरळीचं घर

पाण्यावर तो तांबूस डाग दिसतोय? नीट बघा, तो हलतोय. ही मरळ माशाची पिल्लं आहेत, शेकड्यांनी, एकमेकांना बिलगून वर येणारी. आणि त्यांच्या खाली, गढूळ पाण्यात, आई-बाप दोघंही राखणीला.

हा भंडारा जिल्ह्यातला एक मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी शेतसारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातला. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार ओळखून मातीची पाळ घातली, पाणी अडवलं आणि पाळीखाली धान पिकवलं. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मासेमारी मात्र ढिवर या मासेमार समाजाचीच राहिली.

पुढे तलावांत रोहू-कटल्याचं बीज सोडायची पद्धत आली. हे नदीतले मासे. थांबलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. म्हणजे बीज दरवर्षी विकत आणा. मरळ, शिंगी, मागूर इथलेच, इथेच वाढणारे. त्यांना हवा असतो पाण्यातला झाडोरा: तळाशी हायड्रिला, वर कुमुदिनीची पानं, काठाला देवधान, म्हणजे रानटी भात. अंडी तिथे, आडोसा तिथे, खाणंही तिथेच.

पण काठाने बेशरम नावाची झुडपी वनस्पती पसरली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि तुटलेली फांदी चिखलात पडली की तीही रुजते. त्यात गाळ काढायला यंत्रं आली. खोल झाला की तलाव सुधारला, असं आपण समजतो. पण त्या गाळातच कंद असतात, बिया असतात. सरसकट खरवडलं की तेही जातं. मला हे फार लागतं.

'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' आणि ढिवर बायांनी वेगळी वाट धरली. आधी बेशरम मुळासकट उपटायची. उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ हलका नांगरायचा. पाऊस पडून ओल आली की दुसऱ्या तलावातून आणलेली रोपं हाताने चिखलात खोचायची. गुडघाभर चिखलात, ओळीने, रोवणी करावी तशी. धानाची रोवणी जन्मभर केलेले हात आहेत ते. शिकवावं लागलं नाही.

तो तांबूस डाग आता कुमुदिनीच्या पानांआड सरकलाय. त्या कोपऱ्यात आधी नुसती बेशरम होती.